अक्षरांची वेष्टने

गेल्या पाडव्याला आमच्या घरी एक भेट आली. भेटीत काय होते ते आज विचाराल तर सांगता यावयाचे नाही. पण ती ज्या कागदात गुंडाळून आली होती, तो कागद मात्र डोळ्यांसमोर आहे. जुन्या पोथीच्या पानासारखा पिवळसर रंग, त्यावर रांगेने मांडलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक ठसठशीत इंग्रजी मुळाक्षर, आणि त्या अक्षराला टेकून कुठे झालरीची टोपी घातलेली मुलगी, कुठे धनुष्य ओढणारा पोर, कुठे मोर, कुठे शिडाचे जहाज. कोपऱ्यात बारीक टाइपात छापले होते : 'व्हिक्टोरियन वर्णमाला'.

घरातल्या धाकट्या नातीने ते पुडके हाती येताच कागद ओढावयास सुरुवात केली. एवढ्यात आमच्या आईचा हात पुढे आला. "अगं, अगं, अक्षरं आहेत त्यावर! फाडू नकोस, पायाखाली येतील." नातीने डोळे मोठे केले. "पण पणजी, रॅपिंग पेपर आहे हा. तो फाडायचाच असतो!"

दोघींचेही खरेच होते. ज्या घरात दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिच्यावर फुले वाहिली जातात, पुस्तकाला पाय लागला तर नकळत हात कपाळाकडे जातो, त्या घरात वाढलेल्या बाईला मुळाक्षरांचा कागद चुरगाळून टाकणे कसे रुचावे? आणि भेटीवरचा कागद फाडताना जो चर्रकन आवाज होतो, त्याच्याइतका गोड आवाज सहा वर्षांच्या मुलीला दुसरा कोणता? मी मध्ये पडलो, कडेची चिकटपट्टी हलकेच सोडवली आणि कागद घडी करून ठेवला. मग मात्र त्या कागदाने मला सोडले नाही. ही चित्रे मुळात कुणी काढली, कुणासाठी काढली, आणि पोरांना धुळाक्षरे शिकवणारी ही मंडळी भेटवस्तूंच्या अंगावर कशी येऊन चिकटली, हे शोधता शोधता जो इतिहास हाती लागला तो वाचकांना सांगावासा वाटतो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की इंग्रज पोरांच्या मुळाक्षरांचा आणि वेष्टनाचा संबंध फार जुना आहे. व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्याच्या कितीतरी आधी, तेथील मुलांच्या हाती 'हॉर्नबुक' असे. हॉर्न म्हणजे शिंग. मुठीची एक लाकडी फळी. तिच्यावर मुळाक्षरे आणि येशूची प्रार्थना छापलेला एक कागद. आणि त्या कागदावर शिंगापासून काढलेला पातळ, पारदर्शक पापुद्रा. पोरांची बोटे मळकी, कागद महाग. म्हणून अक्षरांना शिंगाचे आवरण! दुसरा प्रकार याहून चविष्ट होता. आले व काकवी घालून केलेल्या 'जिंजरब्रेड' नावाच्या केकवर अक्षराचा ठसा उमटवीत. अक्षर ओळखले की ते खाऊन टाकावयाचे. विद्या पचवण्याचा इतका सरळ मार्ग आपल्याकडील पंतोजींना सुचला नाही, हे पोरांचे दुर्दैव!

केकमागचे तत्त्व पुढे एका तत्त्वज्ञानेच मांडले. जॉन लॉकने १६९३ साली शिक्षणाविषयीचे आपले विचार प्रसिद्ध केले. त्यात मुलाला आपण शिकतो आहोत हे कळूच नये, खेळाच्या फाशांवर अक्षरे चिकटवावीत आणि खेळता खेळता ती त्याच्या डोक्यात शिरावीत, असे त्याने सुचवले. त्याआधी १६५८ साली कोमेनियस या मोराव्हियन पंडिताने न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रमय जगाचे पुस्तक काढले होते. त्याच्या आरंभीच एक जिवंत वर्णमाला आहे. प्रत्येक अक्षरासमोर एक प्राणी किंवा असेच काही चित्र, आणि त्याच्या आवाजातून त्या अक्षराचा उच्चार. कडू गोळीला साखरेचे वेष्टन असते तसे अक्षराला चित्राचे. ही कल्पना एकदा रुजली ती कायमची. आपण 'अ अननसाचा' म्हणतो तेव्हा त्या अननसाच्या सालीतच अ गुंडाळून पोराच्या हाती देत असतो.

१८३७ साली व्हिक्टोरिया राज्यावर आली तेव्हा लंडनच्या बाजारात चित्रमय वर्णमालांचा सुकाळ होता. आदल्याच वर्षी जॉर्ज क्रुइकशँक या विनोदी चित्रकाराने एक गमतीदार वर्णमाला काढली होती. ती पुस्तकासारखी पाने उलटून पाहावयाची नव्हती, घड्या उलगडीत लांबच लांब पट्टीसारखी पसरावयाची होती. स्वस्त पुस्तिका पेनी दोन पेनीला मिळत. त्यांतली चित्रे लाकडी ठशांची, काळी. रंगीत हवी असतील तर जास्त पैसे. आणि हे रंग कोण भरी? शतकाच्या पूर्वार्धात लंडनचे प्रकाशक हे काम पुष्कळदा मुलांकडूनच करून घेत. टेबलाभोवती पोरे बसत. एकाच्या हाती तांबडा रंग, दुसऱ्याच्या निळा, तिसऱ्याच्या पिवळा. कागद हातोहात फिरे. तांबड्यावाल्याने सगळे कोट तांबडे करावयाचे, निळ्यावाल्याने आकाश. घाईत कोटाचा रंग गालावर येई. आज संग्राहक अशा पुस्तिकांना सोन्याच्या मोलाने घेतात आणि त्या ओघळलेल्या रंगाला भोळेपणा म्हणून नावाजतात. इंग्लंडात सर्वांसाठी प्राथमिक शाळांचा कायदा झाला १८७० साली, शाळा सक्तीची झाली १८८० साली, आणि बहुतेक ठिकाणी फी माफ व्हावयाला १८९१ साल उजाडले. तेव्हा त्या टेबलाभोवतीच्या किती मुलांना आपण रंगवीत असलेले अक्षर वाचता येत होते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या बाजारापासून दूर, एक गृहस्थ केवळ हौसेखातर वर्णमाला काढीत होता. एडवर्ड लिअर. पेशाने निसर्गचित्रकार, १८४६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीला त्याने चित्रकलेचे धडे दिले. स्वतः एकटा, आजारी, सदा प्रवासात. पण ज्या घरी उतरे त्या घरच्या पोरांसाठी सव्वीस अक्षरांची चित्रे आणि त्याखाली चार अर्थहीन ओळी खरडून देई. १८७० च्या उन्हाळ्यात उत्तर इटलीतील एका डोंगरावरच्या हॉटेलात तो राहिला असता, तेथे आलेल्या एका अमेरिकन कुटुंबातील मुलांना रोज जेवावयास बसताना ताटात एक नवे अक्षर सापडे. रोज एक अक्षर, रोज एक भेट! अशा वर्णमालांचे त्याचे पुस्तक त्याच वर्षअखेरीस निघाले. पुढे १८७३ च्या नोव्हेंबरात हाच लिअर मुंबईच्या बंदरात उतरला आणि १८७५ पर्यंत हिंदुस्थानात हिंडला. आपल्या भाषांतील शब्दांच्या नादाने तो इतका खूश झाला की कमरबंद हा कुणी अक्राळविक्राळ प्राणी आहे अशी कल्पना करून त्याने एक कविता रचली. ती मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त १८७४ साली छापून आली.

वर्णमाला काढणाऱ्या प्रत्येकाला एका ठिकाणी घाम फुटे : एक्स या अक्षरापाशी. इंग्रजीत एक्सने सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पोरांना कळण्याजोगा जवळजवळ एकही नाही. मग इराणचा बादशहा झर्क्सिस धावून येई, कारण त्याच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक्सने सुरू होते. हा कोण, कुठला, हे पोरांना ठाऊक नसे. पण शतकभर त्याने इंग्लंडच्या बालवर्गात इमानेइतबारे नोकरी केली. आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. 'ण'ने सुरू होणारा शब्द कुणाला सापडला आहे? आपणही 'ण बाणाचा' म्हणून वेळ मारून नेलीच की!

या चित्रांना खरे रूप आले ते एडमंड एव्हन्स या मुद्रकामुळे. या माणसाच्या धंद्याची पहिली मोठी पायरी म्हणजे पुस्तकांची वेष्टनेच होती. १८५० च्या दशकात आगगाडीच्या स्टेशनांवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त कादंबऱ्यांना पांढरी कव्हरे असत आणि ती धुराने व हातांनी मळत. एव्हन्सने त्याऐवजी पिवळा चकचकीत कागद वापरून त्यावर रंगीत चित्र छापले. पुढे या कादंबऱ्यांना 'पिवळ्या पाठीची पुस्तके' असेच नाव पडले. हाच हात त्याने मुलांच्या पुस्तकांकडे वळवला. पद्धत अशी : चित्रकाराचे रेखाचित्र बॉक्सवूड नावाच्या कठीण, दाट लाकडाच्या ठोकळ्यावर कोरावयाचे. त्याचा काळा ठसा काढून तो चित्रकाराकडे पाठवावयाचा. त्याने त्यात रंग भरून दिले की प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठोकळा कोरावयाचा, आणि तोच कागद प्रत्येक ठोकळ्याखालून नेमका त्याच जागी बसवून काढावयाचा. केसभर सरकला तर मुलीचे ओठ हनुवटीवर! निळ्यावर पिवळा चढवून हिरवा साधावयाचा, म्हणजे थोडक्या ठोकळ्यांत पुष्कळ रंग. टेबलाभोवतीची पोरे उठली आणि त्यांच्या जागी ठोकळे बसले, असे म्हटले तरी चालेल.

एव्हन्सच्या छापखान्यातून वॉल्टर क्रेनची सहा पेन्सांची, म्हणजे अर्ध्या शिलिंगाची पुस्तके बाहेर पडू लागली. १८६५ मध्ये आगगाडीची वर्णमाला आणि शेतावरची वर्णमाला, १८७४ मध्ये जुन्या दोस्तांची वर्णमाला, आणि काळ्याभोर पार्श्वभूमीवर बालकथांतली पात्रे उठवलेली ती अफलातून 'ॲब्सर्ड ए बी सी'. क्रेनच्या ठसठशीत रेघेवर जपानी चित्रांचा ठसा स्पष्ट दिसतो. ही जपानी चित्रे युरोपात कशी पोचली याविषयी एक कथा सांगतात, की १८५६ च्या सुमारास पॅरिसमध्ये ब्राकमाँ नावाच्या चित्रकाराला चिनी मातीच्या भांड्यांच्या खोक्यात भरताड म्हणून कोंबलेली होकुसाईच्या रेखाटनांची पाने सापडली. खरी असो वा रचलेली असो, गोष्ट मोठी बोलकी आहे : आतली भांडी कुणाच्या लक्षात नाहीत, वेष्टनाने मात्र कलेचा इतिहास बदलला!

आमच्या पाडव्याच्या कागदावर झालरीच्या टोपीची जी मुलगी होती, तिची आई म्हणजे केट ग्रीनवे. एका लाकूडकोरक्याची ही मुलगी. तिचे पहिले मोठे पुस्तक १८७९ मध्ये निघाले; किंमत सहा शिलिंग. एव्हन्सने पहिल्या आवृत्तीच्या वीस हजार प्रती छापल्या तेव्हा प्रकाशक त्याला हसला. त्या हातोहात खपल्या आणि आणखी सत्तर हजार छापाव्या लागल्या. १८८६ मध्ये तिने 'ए ॲपल पाय' काढले. ही बडबड तिच्याही दोनशे वर्षे आधीची. सफरचंदाची एक भली मोठी गोड कचोरी. एक अक्षर तिला चावते, दुसरे कापते, तिसरे वाटते, अशी सगळी वर्णमाला तिच्यामागे लागलेली. या पुस्तकात आय हे अक्षर नाही. कारण जुन्या काळी आय आणि जे ही दोन अक्षरे वेगळी मोजीतच नसत, आणि ग्रीनवेने जुने ते तसेच ठेवले. एक्सची अडचणही तिने जुन्याच युक्तीने सोडवली : शेवटची सहा अक्षरे एका पानावर, प्रत्येकाला मोठा तुकडा, आणि सगळी अंथरुणात! तिचा चाहता जॉन रस्किन मात्र या पुस्तकावर रुसला. अक्षरे भिंतीवर डकवलेल्या जाहिरातींसारखी दिसतात, असा त्याचा ठपका होता.

रस्किनच्या ध्यानात आले नसेल, पण भिंत फार दूर नव्हती. १७१२ पासून इंग्लंडात कागदावर कर होता. तो १८६१ मध्ये उठला. चिंध्यांच्या जोडीला गवत आणि लाकूड यांपासून कागद होऊ लागला, कागद स्वस्त झाला, आणि घरात जेथे जागा दिसेल तेथे छापील नक्षी चढू लागली. १८७५ साली क्रेनने जेफ्री कंपनीसाठी बालखोलीच्या भिंतीवर लावावयाचा पहिला कागद काढला. पुस्तकातील चित्र एकदाच भेटते. भिंतीवर तेच चित्र वीतभर अंतरावर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. चित्राची नक्षी होते ती येथे. ग्रीनवेच्या पोरांचे तर पेवच फुटले. ती चिनी मातीच्या बशांवर गेली, कापडावर गेली, खुशाल चोरली गेली. आणि त्या चोरीतून तिच्या हाती फारसे काही पडले नाही.

आता वेष्टनाच्या आत काय होते ते पाहू. कारण साखरेखाली सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात. १८४६ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या गुलामगिरीविरोधी जत्रेत विकण्यासाठी, हॅना आणि मेरी टाउनसेंड या बहिणींनी एक वर्णमाला काढली. तिच्यात एस म्हणजे साखर. पण ती साखर कुणाच्या घामाची हे पोराला तेथेच सांगितलेले. के म्हणजे माणसे पळवणारा. वर्णमाला इतकी तिखट असू शकते! उलट १८९९ मध्ये लंडनला सौ. अर्नेस्ट एम्स या बाईंनी 'तान्ह्या देशभक्तांसाठी ए बी सी' काढली. तीत ए म्हणजे सैन्य, बी म्हणजे लढाया, सी म्हणजे वसाहती, ई म्हणजे साम्राज्य, आणि आय म्हणजे इंडिया! ग्रीनवेच्या पुस्तकात आयची जी जागा रिकामी होती, ती अशी भरली गेली. त्याच १८९९ साली येथे पाऊस फसला आणि मुंबई इलाख्यावर दुष्काळ कोसळला. प्लेग तर १८९६ पासून ठाण मांडून होताच. लंडनच्या पोराला आय शिकवताना यातले अवाक्षर सांगितलेले नव्हते. वेष्टन रंगीत, गोळी गोड, आणि ती गिळणारी पोरे पुढे मोठी होऊन साहेब व्हावयाची.

चित्रकारसुद्धा याच्या बाहेर नव्हते. १८८६ मध्ये 'ग्राफिक' साप्ताहिकाने जगाचा एक नकाशा छापला. ब्रिटिश मुलूख गुलाबी, भोवती हत्ती, वाघ, कांगारू आणि देशोदेशींच्या माणसांची महिरप. तो क्रेनच्या हातचा मानतात. हाच क्रेन पक्का समाजवादी, कामगारांच्या मोर्चांसाठी चित्रे काढणारा. १९०६-०७ च्या हिवाळ्यात तो हिंदुस्थानात आला आणि प्रवासाचे पुस्तकही त्याने लिहिले. एकाच हाताने पोरांचा कावळा, कामगाराचा झेंडा आणि साम्राज्याची महिरप काढली! माणसे अशीच असतात. त्यांची चित्रे त्यांच्याइतकीच गुंतागुंतीची.

छापील अक्षरांत वस्तू गुंडाळण्याची रीतही जुनीच. हेन्री मेह्यूने १८५१ मध्ये लंडनच्या गरिबांविषयी लिहिताना रद्दीवाल्यांचे वर्णन केले आहे. ग्रंथ, वर्तमानपत्रे, दप्तरे वजनावर विकत घेऊन ते चीजवाल्याला आणि मासळीवाल्याला देत. आपण दाण्याची पुडी सोडून ती संपली की कागद वाचतो, आणि गोष्ट नेमकी रंगात आल्यावर कागद संपतो. तीच ही परंपरा. भेटीसाठी मात्र साधा पातळ टिश्यू कागद, दोरा आणि लाख वापरीत. नक्षीचा कागद आला तो अपघाताने. १९१७ च्या नाताळात अमेरिकेतील कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू संपला. त्यांनी लिफाफ्यांच्या आतल्या अस्तरासाठी फ्रान्सहून आणलेले नक्षीदार कागद दहा सेंटला एक याप्रमाणे मांडले, आणि ते बघता बघता खपले. लिफाफ्याच्या पोटातला कागद भेटीच्या पाठीवर आला. यातूनच एक मोठा धंदा उभा राहिला, आणि पुढे या धंद्याला जुनी चित्रेही आयती मिळाली. लिअर १८८८ मध्ये वारला, ग्रीनवे १९०१ मध्ये, क्रेन १९१५ मध्ये. त्यांचे हक्क केव्हाच सरले. २०१३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने जुन्या पुस्तकांतील दहा लाखांहून अधिक चित्रे सर्वांना खुली केली. ज्याला हवे त्याने घ्यावे आणि छापावे.

पण घेणारा निवडून घेतो. आमच्या कागदावर आय होता. त्याच्याजवळ दौत काढली होती, म्हणजे इंक. इंडिया नाही, साम्राज्य नाही, गुलामांची साखर नाही, रंग भरणारी पोरे नाहीत. दीडशे वर्षांची धूळ झटकून उरली ती झालरीची टोपी. याचा राग येत नाही. सणाच्या भेटीवर दुष्काळ कोण छापील? मात्र वेष्टनावर भुलणाऱ्याने ते एकदा उलटून पाहावे, एवढे खरे. आपल्याही अंकलिप्यांत कुणाची घरे, कुणाचे धंदे, कुणाचे सण आले आणि कुणाचे राहून गेले, हे उद्या कुणी असेच उलटून पाहील.

अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, असे आपण म्हणतो. कागद मात्र झिजतो. शिंगाखालचा झिजला, केकवरचा पोटात गेला, भिंतीवरचा पोपडे होऊन पडला. त्या प्रत्येकावरून कुणीतरी वाचावयास शिकले, म्हणून त्यांचे झिजणे कामी आले.

आमच्या कागदाचा निकाल आईनेच लावला. जूनमध्ये शाळा सुरू व्हावयाच्या आदल्या रात्री तिने घडी काढून मागितली, कागदावरून हलकेच इस्त्री फिरवली आणि नातीच्या वहीला कव्हर घातले. कापताना शेवटची काही अक्षरे कडेला दुमडली गेली. झर्क्सिस बादशहा आत राहिला. नातीने बाहेरून वही फिरवून पाहिली आणि विचारले, "यातली 'ण'ची मुलगी कुठाय?" मग तिनेच पेन्सिलीने मोराच्या बाजूला, जरा वाकडा, एक ण काढला. आता दिवाळी आली. वहीचे कोपरे मऊ पडले आहेत, टोपीवाल्या मुलीचे नाक निघून गेले आहे. ण अजून दिसतो.